बिनतारी मायक्रोफोनची निवड

(शीळफाटा येथील एका सेवानिवृत्त शिक्षकाचें नभोवाणी-भाषण)

सभेला माणसें जमविणें हें एक काम, आणि जमलेल्या माणसांना वक्त्याचा शब्द नीट ऐकूं जाईल अशी तजवीज करणें हें दुसरें. पहिल्या कामाची काळजी आपण पुष्कळ वाहतों. निमंत्रणें धाडतों, फलक लावतों, खुर्च्या मोजून घेतों. दुसरें काम मात्र ‘तें साउंडवाला पाहील’ असें म्हणून सोडून देतों. मग असें होतें कीं, वक्ता विद्वान्, विषय गोड, श्रोते उत्सुक. पण मागच्या चार रांगांतील मंडळींना वाक्याचा पूर्वार्ध ऐकूं येतो आणि उत्तरार्ध खरखरींत बुडून जातो. वक्त्याला तें कळत नाहीं, पुढच्या रांगेंतील पाहुण्यांना कळत नाहीं, आणि ज्यांना कळतें ते संकोचानें गप्प बसतात.

तारेचा मायक्रोफोन होता तेव्हां दोष शोधणें सोपें होतें. आवाज गेला कीं तार पाहावयाची, खटका पाहावयाचा, आणि दुसरी तार जोडावयाची. आतां घरोघर, शाळांशाळांतून, देवळांतून व मंगल कार्यालयांतून बिनतारी मायक्रोफोन आले आहेत. बाजारांत त्याला ‘कॉर्डलेस माईक’ म्हणतात. कपड्याला अडकविण्याचा तो ‘कॉलर माईक’. तार गेली, तिच्याबरोबर पायांत अडखळण्याची भीति गेली, वक्त्याला मोकळें फिरतां येऊं लागलें. परंतु तारेच्या जागीं जें आलें तें डोळ्यांना दिसत नाहीं. तें बिघडलें तर कोठें पाहावें हें सामान्य माणसास उमगत नाहीं. म्हणून बिनतारी मायक्रोफोन घ्यावयाचा झाल्यास तो कसा निवडावा, याचा आज थोडा विचार करूं.

आरंभींच सार सांगून टाकतों. बहुतेक खरेदीदार दुकानांत जाऊन पहिला प्रश्न विचारतात तो असा, “हा किती फुटांपर्यंत चालतो?” हा प्रश्न गौण आहे. आधीं आपली जागा पाहावी, मग त्या जागेवरील आकाशांत लहरींची गर्दी किती आहे तें पाहावें, आणि यंत्र सर्वांत शेवटीं पाहावें. जें यंत्र सह्याद्रीच्या एखाद्या खेड्यांत दोनशे फुटांवरून स्वच्छ चालेल, तेंच आमच्या शीळफाट्यावर चाळीस फुटांवरून अडखळेल. आणि त्यांत यंत्राचा अपराध थोडाच असेल.

शीळफाट्याचें उदाहरण मी मुद्दाम घेतों. कल्याण-डोंबिवलीकडचा, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा आणि महाप्याकडचा असे मोठे रस्ते येथें मिळतात. रस्त्यावर वाहनांची जशी दाटी, तशीच वर लहरींची. चहूंकडे उंच इमारती, त्यांच्या गच्च्यांवर फोन कंपन्यांचे मनोरे, प्रत्येक सदनिकेंत वाय-फायचें यंत्र, प्रत्येक खिशांत एक फोन. त्यांत पारसिकच्या डोंगराची भिंत एका बाजूस. डोंगर व लहर यांचें नातें आपल्याकडील प्रवाशांना निराळें शिकवावयास नको. १९१६ सालीं खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यांत आगगाडी शिरली कीं फोनवरील बोलणें मध्येंच तुटावयाचें, हा अनुभव पुष्कळांच्या पदरीं आहे. लहर दगडाला भिते आणि पत्र्यावरून परतते, एवढें लक्षांत ठेवलें तरी पुढचें अर्धें विवेचन सोपें होईल.

आतां यंत्राची घडण पाहूं. बिनतारी मायक्रोफोन हें एक यंत्र नसून तीं दोन यंत्रें आहेत. बोलणाऱ्याजवळचें तें प्रेषक. तें आवाजाचें रेडिओलहरींत रूपांतर करून ती बाहेर सोडतें. ध्वनिवर्धकाजवळचें तें ग्राही. तें ती लहर टिपून पुन्हां आवाजाच्या रूपांत आणतें. म्हणजे आपण हातांत धरतों तें एक चिमुकलें नभोवाणी-केंद्र, आणि टेबलावर असतो तो त्या एकाच केंद्रासाठीं बनविलेला रेडिओ. मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याच सालीं हिंदुस्थान व विलायत यांमध्यें बिनतारी संदेशांचा जो मार्ग खुला झाला, त्याचें प्रेषक-केंद्र पुण्याजवळ खडकी-दापोडीकडे व ग्राही-केंद्र दूर दौंडला ठेवलेलें होतें. आपल्याच प्रेषकाच्या गर्जनेनें आपल्याच ग्राहीचे कान बधिर होऊं नयेत, हा अशा व्यवस्थेंतील हेतु. आपल्या सभागृहांतील यंत्रांना हाच नियम लागू आहे. फक्त कोसांच्या जागीं पावलें मोजावयाचीं.

रंगभूमीवर हीं यंत्रें आलीं तीं पुढें बऱ्याच काळानें. जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें १९५७ सालीं असें यंत्र लोकांपुढें मांडलें; तें पुढें ‘मिक्रोपोर्ट’ या नांवानें बाजारांत आलें. १९६४ सालच्या ‘माय फेअर लेडी’ या बोलपटांत रेक्स हॅरिसन या नटाच्या गळपट्टींत लपविलेला बिनतारी मायक्रोफोन वापरला होता. त्या काळीं हें नवल होतें. आज एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनांतही आठ-दहा असे मायक्रोफोन असतात, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

प्रत्येक लहरीला एक वारंवारता असते, म्हणजे ती सेकंदाला किती आंदोलनें घेते याचा आंकडा. चांगल्या बिनतारी मायक्रोफोनचा हा आंकडा बहुधा ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो; म्हणजे सेकंदाला ५० कोटी आंदोलनें. लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. तीसला पन्नासानें भागलें कीं एका लहरीची लांबी निघते ०.६ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर. हा आंकडा जपून ठेवावा. त्याचा पुढें उपयोग आहे.

हे वारंवारतांचे पट्टे म्हणजे सार्वजनिक जमीन आहे, आणि तिचें वाटप केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. ही जमीन वाढत नाहीं. मागणारे मात्र वाढतात. पूर्वीं ७०० मेगाहर्ट्झच्या वरचा बराच भाग जगभर दूरचित्रवाणीकडे होता, आणि त्याच्या फटींतून मायक्रोफोन सुखानें चालत. मग मोबाईल फोनला जागा हवी झाली. अमेरिकेंत १२ जून २०१० पासून ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बिनतारी मायक्रोफोन वापरण्यास बंदी झाली, आणि जुलै २०२० मध्यें ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भागही असाच बंद झाला. तेथील नाटकगृहांना व प्रार्थनामंदिरांना उत्तम स्थितींतील यंत्रें टाकून द्यावीं लागलीं. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्यें संपलेल्या लिलावांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा रिलायन्स जिओ कंपनीनें देशभरासाठीं घेतला. त्या पट्ट्यांत ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ या भागांत फोन मनोऱ्याशीं बोलतो, आणि ७५८ ते ८०३ या भागांत मनोरा फोनशीं बोलतो. त्याच लिलावांत ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही मांडला होता. त्याला त्या वेळीं कोणी बोली लावली नाहीं. परंतु एकदां विकावयास मांडलेल्या जमिनीवर कायमचें घर बांधूं नये, हें शहाण्याला सांगावयास नको.

याचा व्यवहारांतील अर्थ असा. जुन्या बाजारांत किंवा संगणकावरून स्वस्तांत मिळणाऱ्या यंत्रांच्या पाठीवर ७४०, ७८०, ८३० असे आंकडे छापलेले दिसले, तर तें यंत्र फुकट मिळालें तरी घेऊं नये. फोनच्या मनोऱ्याची शक्ति कित्येक वॅट. आपल्या प्रेषकाची वॅटचा शंभरावा भाग, फार तर विसावा. ढोलताशाच्या पथकापुढें बासरी वाजवावी तशी त्याची अवस्था होते. शिवाय आपलें यंत्र दुसऱ्यानें मोल देऊन घेतलेल्या जागेंत घुसखोरी करतें, ही कायद्याची बाजू निराळीच. कोणतें यंत्र परवान्यावांचून चालवितां येतें व कोणत्याला परवाना लागतो, हें त्याची वारंवारता व शक्ति यांवर ठरतें. म्हणून दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्या. वारंवारतेचा आंकडा कोणता, आणि या यंत्राला वर सांगितलेल्या शाखेची मान्यता आहे काय? या दोन प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर नाहीं, त्याच्याजवळून मायक्रोफोन न घेणें बरें.

“मग सर्वांस मोकळा असा पट्टा नाहीं का?” असें कोणी विचारील. आहे. २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे, आणि हल्लींचे पुष्कळसे स्वस्त व सुटसुटीत मायक्रोफोन त्यांतच चालतात. पण जें सर्वांना मोकळें तेथें सर्वच येतात. वाय-फाय तेथें, ब्लूटूथ तेथें, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही तेथेंच. आमच्या भागांतील एका छोट्या संस्थेनें वर्गणी जमवून असा एक जोड घेतला होता. दुपारीं रिकाम्या सभागृहांत परीक्षा झाली; आवाज काचेसारखा स्वच्छ. संध्याकाळीं व्याख्यानाला तीनशे माणसें आलीं आणि तीनशे फोन आले. वक्त्यांनीं आवाज चढविला तरी शब्दांचे तुकडे पडतच राहिले. शेवटीं जुन्या तारेचा मायक्रोफोन फडताळांतून काढला, तेव्हां व्याख्यान पुरें झालें. यंत्र खोटें नव्हतें. तें ज्या हवेंत तपासलें ती हवा आणि ज्या हवेंत वापरलें ती हवा निराळी होती. लहान खोली, लहान वर्ग, वीस-पंचवीस पावलांचें अंतर, अशा ठिकाणीं हें यंत्र पुरेसें आहे. मोठ्या सभेचा भार त्याच्यावर टाकूं नये.

आतां त्या ६० सेंटिमीटरच्या आंकड्याकडे वळूं. प्रेषकापासून निघालेली लहर ग्राहीकडे एकाच वाटेनें येत नाहीं. एक सरळ येते. दुसरी पत्र्याच्या छतावर आपटून, तिसरी लोखंडी खांबावरून परतून येते. वाटा कमीजास्त लांबीच्या असल्यामुळें कधीं एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. त्या जागीं क्षणभर कांहींच उरत नाहीं. वक्ता एक पाऊल सरकला कीं आवाज परत येतो. ‘मध्येंच गेला, मध्येंच आला’ असें जें आपण म्हणतों, त्याचें कारण बहुधा हेंच. सदर अडचणीवर उपाय असा काढला आहे कीं ग्राहीला एक नव्हे, दोन एरियल द्यावयाचे. एका जागीं लहर मेली तरी हातभर अंतरावरच्या दुसऱ्या जागीं ती बहुधा जिवंत असते. ग्राही दोहोंपैकीं जी चांगली ती क्षणोक्षणीं निवडतो. त्यांतही भेद आहे. कांहीं यंत्रांत दोन एरियल पण आंत ग्राहक-मंडल एकच असतें. कांहींत दोन्ही एरियलांना स्वतंत्र मंडलें असतात. दुसरा प्रकार महाग, पण अधिक भरंवशाचा. पेटीवर ‘ट्रू डायव्हर्सिटी’ असे शब्द असतात ते याच दुसऱ्या प्रकाराचे. सार्वजनिक कामासाठीं पैसा खर्चावयाचा असेल तर तो येथें खर्चावा.

परंतु उत्तम ग्राहीही चुकीच्या जागीं ठेवला तर निकामी. बहुतेक ठिकाणीं तो ध्वनिवर्धकाशेजारीं, म्हणजे सभागृहाच्या मागच्या टोकाला, टेबलाखालीं ठेवलेला असतो. यांत मोठी गफलत आहे. माणसाच्या शरीरांत बहुतांश पाणी आहे, आणि पाणी या लहरी शोषून घेतें. व्यासपीठावरील दुबळी लहर तीनशे शरीरांच्या रानांतून मागपर्यंत पोंचावयाची, ही अपेक्षाच अवास्तव. ग्राही व्यासपीठाच्या बगलेंत, डोक्याहून उंच, वक्ता दिसेल असा ठेवावा, आणि तेथून मागच्या मिक्सरपर्यंत चांगली तार न्यावी. सभागृहाच्या लांबीएवढी तार आवाजाला सहज पोंचविते. तार गर्दींतून न्यावी, लहर नेऊं नये, असा हा नियम आहे. ग्राहीचीं दोन्हीं एरियल मोकळीं, एकमेकांपासून फांकवून उभीं ठेवावीं. तीं लोखंडी कपाटाला टेकूं देऊं नयेत. वाय-फायचें यंत्र व हल्लीं लग्नसमारंभांत उभी करतात ती दिव्यांची चित्रभिंत यांपासून तीं दूर असावींत. त्या भिंतींतूनही लहरींचा गोंगाट निघतो. उलटपक्षीं प्रेषकही ग्राहीच्या अगदीं उशाशीं येऊं देऊं नये. दोन-तीन मीटर अंतर असावें. दापोडी-दौंडचा नियम तो हाच.

एकाहून अधिक मायक्रोफोन असले म्हणजे आणखी एक गंमत होते, आणि ती अंकगणिताची असल्यामुळें मला विशेष आवडते. समजा, तीन प्रेषक आहेत. वारंवारता अनुक्रमें ५२०, ५२१ व ५२२. दिसावयास किती नीटनेटकी मांडणी! पण दोन प्रेषक जवळ आले कीं त्यांच्या लहरी मिसळून नव्या लहरी जन्मतात. त्यांतील सर्वांत उपद्रवी ती एकीची दुप्पट वजा दुसरी. ५२१ ची दुप्पट १,०४२. त्यांतून ५२० वजा केले कीं उरले ५२२. म्हणजे पहिल्या दोघांचें अनौरस अपत्य नेमकें तिसऱ्याच्या घरांत शिरलें! म्हणून वारंवारता कधींही सारख्या अंतरानें मांडूं नयेत. ५२०, ५२१ व ५२३.५ अशी विषम मांडणी घेऊन हीच वजाबाकी करून पाहावी. ५१९, ५२२, ५१६.५, ५२७, ५१८.५ व ५२६ हे आंकडे निघतात, आणि त्यांतील एकही आपल्या तिघांवर पडत नाहीं. मायक्रोफोन आठ-दहा झाले कीं हा हिशेब हातानें होत नाहीं. चांगल्या कंपनीच्या यंत्रांत असे जुळणारे गट आधींच भरलेले असतात. एका गटांतील सर्व वारंवारता घ्याव्या. एक या गटांतून, एक त्या गटांतून, असें करूं नये. आणि ज्या यंत्राची वारंवारता कारखान्यांतच कायमची ठरलेली आहे, बदलतां येत नाहीं, तें एकट्यादुकट्या कामासाठींच ठीक.

एवढ्यावरून आणखी एक गोष्ट उघड होईल. आपला हिशेब कितीही अचूक असला तरी शेजाऱ्याचा आपल्या हातीं नसतो. डोंबिवलींत १९९९ सालापासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. अशा यात्रेंत एका रस्त्यावर अनेक पथकें, प्रत्येकाचा आपापला मायक्रोफोन, आणि मधून वृत्तवाहिन्यांचे वार्ताहर त्यांचे मायक्रोफोन घेऊन येतात. घरीं मोकळी असलेली वारंवारता चौकांत भरून जाते. तेव्हां फिरत्या कामासाठीं, जागेवर उभें राहून मोकळी वारंवारता शोधणारा ग्राही असावा, आणि शोध घेतांना आपले सर्व प्रेषक बंद ठेवावे. प्रेषकाची शक्ति कमीजास्त करण्याची सोय असल्यास ती काम भागेल इतकी कमीच ठेवावी. सर्वांनींच ओरडावयास सुरुवात केली म्हणजे वर्गांत काय होतें, तें शिक्षकाला ठाऊक असतें.

आतां प्रेषकाच्या रूपाविषयीं. हातांत धरावयाचा, कॉलरला लावावयाचा आणि गालाजवळ राहील असा डोक्यावर घालावयाचा, असे तीन प्रकार. यांतील निवड माणसाच्या कामावरून करावी. कीर्तनकाराचें उदाहरण घ्या. त्याच्या हातांत झांज वा चिपळ्या, पाय नाचते, मान एकदां श्रोत्यांकडे तर एकदां साथीदारांकडे. हातांतला मायक्रोफोन त्याला चालणार नाहीं. कॉलर माईक लावावा तर तो ओठांपासून वीतभर दूर, आणि मागें टाळ, मृदंग, पेटी यांचा कल्लोळ. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होते. मायक्रोफोन ओठांपासून ३ सेंटिमीटरवर असला आणि २१ सेंटिमीटरवर असला, तर अंतर सातपट, म्हणून मिळणारा आवाज एकोणपन्नासावा हिस्सा. ती तूट भरून काढण्यासाठीं आवाज वाढविला कीं मृदंगही वाढतो, आणि कर्णा शिट्टी मारूं लागतो. म्हणून कीर्तनकाराला गालाजवळचाच मायक्रोफोन द्यावा, आणि त्याची बोंडी ओठांसमोर न ठेवतां ओठांच्या कोपऱ्याशीं ठेवावी, म्हणजे श्वासाचे फटकारे बसत नाहींत.

शांत सभागृहांतील व्याख्यात्याला कॉलर माईक शोभतो. तो उपरण्याखालीं घुसूं देऊं नये, आणि वक्ता ज्या बाजूस अधिक वळतो त्या बाजूस लावावा. प्रश्नोत्तरांसाठीं हातांतलाच उत्तम. मात्र तो धरतांना जाळीभोंवतीं मूठ आवळूं नये व खालच्या टोकावरही बोटें ठेवूं नयेत, कारण पुष्कळ यंत्रांत एरियल तेथेंच दडलेला असतो. कमरेला लावावयाच्या प्रेषकाचा एरियल लोंबता व सरळ असावा. घामानें चिकटून किंवा खिशांत गुंडाळून ठेवला तर अर्धी लहर अंगांतच जिरते. नाटकांत नटाचा घाम हा मायक्रोफोनचा मोठा वैरी, म्हणून त्या कामाचीं यंत्रें घाम सोसणारीं आहेत ना, तें विचारून घ्यावें. आणि भजनाला बसलेली मंडळी, पेटीवाला, तबलजी हे जागचे हलत नाहींत. त्यांना बिनतारी मायक्रोफोन देण्यांत कांहीं अर्थ नाहीं. जो हलत नाहीं त्याला तार द्यावी. जितके बिनतारी कमी तितकी उरलेल्यांची वाट मोकळी.

जुन्या पद्धतीचें यंत्र घ्यावें कीं अंकीय, असाही प्रश्न असतो. जुन्या पद्धतींत आवाज प्रेषकांत दाबून ग्राहींत पुन्हां फुगविला जातो. ही दाबण्याफुगविण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी, म्हणून एकीचा प्रेषक आणि दुसरीचा ग्राही ही सोयरीक जमत नाहीं. तिचा गुण असा कीं लहर क्षीण होऊं लागली तर खरखर वाढते आणि आपणांस आगाऊ सूचना मिळते. अंकीय पद्धतींत आवाजाचें रूपांतर आंकड्यांत होतें. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. शिवाय आंकडेमोडीला थोडा वेळ लागतो, बहुधा तीन ते सहा मिलिसेकंद. ध्वनि हवेंत एका मिलिसेकंदांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे चार मिलिसेकंदांचा उशीर हा सुमारें १.४ मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें ऐकण्यासारखा. तो कोणाला जाणवत नाहीं. पण ब्लूटूथवर चालणाऱ्या खेळण्यांत हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो. तो ३४ मीटरांवरून ऐकण्यासारखा झाला. गायक बिचारा आपल्याच प्रतिध्वनीशीं भांडत बसतो. तें यंत्र वाढदिवसाच्या घरगुती गाण्यांपुरतें ठेवावें.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी राहिल्या. पहिली सेलची. बिनतारी मायक्रोफोनच्या तक्रारींपैकीं कित्येक अखेर सेलपाशीं येऊन थांबतात. कार्यक्रमाच्या आरंभीं नवे किंवा पूर्ण भरलेले सेल घालावेत. पुन्हां भरावयाचे सेल साध्या दीड व्होल्टच्या सेलांऐवजीं १.२ व्होल्टचे असतात, म्हणून यंत्र ते स्वीकारतें कीं नाहीं तें पाहावें. ज्याचा सेल काढतां येत नाहीं असें यंत्र भर सभेंत संपलें तर निरुपाय होतो. दुसरी गोष्ट गुप्ततेची. साध्या यंत्राचें बोलणें त्याच वारंवारतेचा ग्राही असलेला कोणीही ऐकूं शकतो. आणि कॉलर माईक लावलेला वक्ता चहाला आंत गेला तर तेथील संभाषण सभागृहालाच ऐकूं जातें. तेव्हां आवाज बंद करण्याचा खटका बोटाला सहज सांपडेल असा असावा.

खर्चाचें काय, असें वाचनालयांचे व मंडळांचे चिटणीस विचारतील. वर्षांतून एक-दोनच कार्यक्रम असतील तर विकत घेऊंच नये. ज्याच्याजवळ चांगलीं यंत्रें आहेत व जो जागा पाहावयास आधीं येतो अशा साउंडवाल्याकडून तीं भाड्यानें घ्यावीं. दर आठवड्याला काम असेल तर चार हलक्या जोडांपेक्षां दोन चांगले जोड घ्यावे. पैसा लोकांनीं पावती फाडून दिलेला असतो. तो दोन वर्षांत फडताळांत जाऊन पडणाऱ्या यंत्रावर घालविणें हा त्यांच्या विश्वासाचा अपव्यय आहे. आणि कितीही महाग यंत्र घेतलें तरी तारेचा एक मायक्रोफोन व्यासपीठावर जोडून तयार ठेवावा. त्याची किंमत थोडी, आणि अडचणीच्या वेळीं सभेची अब्रू तोच राखतो.

घेण्यापूर्वीं परीक्षा अशी करावी. यंत्र दुकानांत नव्हे, आपल्या जागेवर आणवावें. कार्यक्रमाची जी वेळ त्याच वेळीं, दिवे, पंखे, वाय-फाय सर्व चालू ठेवून, शक्य तर माणसें बसलेलीं असतांना पाहावें. आधीं प्रेषक बंद ठेवून ग्राहीवरील खूण पाहावी. आपण कोणी बोलत नसतां ती हलत असेल, तर ती वारंवारता दुसऱ्या कोणाची आहे. मग प्रेषक घेऊन व्यासपीठाच्या चारी कोपऱ्यांत व पायऱ्यांवर अखंड बोलत हिंडावें. नुसतें ‘हॅलो, हॅलो’ न म्हणतां एखादा परिच्छेद वाचावा, म्हणजे कोठें शब्द गळला तें कळतें. ग्राहीकडे पाठ करूनही बोलावें, कारण वक्ता पाठ करणारच.

आणि या परीक्षेच्या वेळीं एक माणूस शेवटच्या रांगेंत अवश्य बसवावा. तरुण कानाचा नको, साठीच्या पुढचा असावा. त्यानें ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत म्हणून दाखविलें, तर यंत्र घ्यावें. तें त्याला म्हणतां आलें नाहीं, तर दुकानदार कांहींही सांगो, तें त्याच्याकडे परत धाडावें.